नव्वद मिनिटं, नव्वद नावं

सायकलच्या टाइम ट्रायलमध्ये सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक जण ठरलेल्या अंतराने सुटतो, आणि पुढच्याच्या मागे चाक लावून वारा चुकवायची मुभा कुणालाच नसते. शर्यत फक्त घड्याळाशी. पाण्यातला कॅनो स्लॅलम हा खेळही याच जातीचा. खळाळत्या पात्रावर 18 ते 25 फाटकं टांगलेली असतात. हिरवी प्रवाहाबरोबर आणि लाल प्रवाहाविरुद्ध पार करायची. फाटकाच्या काठीला धक्का लागला तर 2 सेकंदांचा दंड, फाटक चुकलं तर 50 सेकंदांचा. 2023 साली खेलो इंडियाच्या वेळी नर्मदेवर महेश्वरच्या सहस्रधारेत हा खेळ झाला, तेव्हा मी तो पडद्यावर पाहिला आणि मला पहिल्यांदा आठवण झाली ती आमच्या बारवीच्या रस्त्याची. एक होडी सुटते, मग पुढची. पाणी आपल्याला किती वेळ मिळणार आहे, त्यावर किती माणसं खेळणार ते ठरतं. आमच्याकडे पाण्याऐवजी रस्ता आहे, एवढाच फरक.

बदलापूरला उल्हास नदी ओलांडली की बारवी धरणाकडे जाणारा रस्ता लागतो. धरण औद्योगिक विकास महामंडळाचं. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच एखादं गाव, भाताची कापणी झालेली खाचरं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही, म्हणजे आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप, तिथे 20 किलोमीटरची टाइम ट्रायल घेतो, 10 जायचं आणि 10 यायचं. साडेसहाला पहिला स्पर्धक सुटतो आणि आठच्या आत शेवटचा सोडून आम्हाला सुरुवातीची रेघ गुंडाळावी लागते, कारण नऊनंतर धरणाकडे निघालेल्या मोटारी आणि तिघातिघांच्या दुचाक्या रस्ता भरून टाकतात. मिनिटाला एक याप्रमाणे 90 माणसं. अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवलं तर दुप्पट बसतील, असं दर वर्षी कुणीतरी सुचवतं. पण रस्ता अरुंद आहे. मागच्याने पुढच्याला गाठलं आणि तेवढ्यात समोरून परतीचा स्पर्धक आला, तर तिघांना तिथे जागा नाही. पोलिसांकडचा परवानगीचा अर्जही आम्ही तेवढ्याच संख्येचा देतो, आणि शहर आयुक्तालयाची हद्द संपून ठाणे ग्रामीणची सुरू होत असल्याने हे काम दोन ठिकाणी करावं लागतं.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. नावनोंदणी, फी आणि नाव मागे घेणाऱ्यांचा हिशेब पहिल्या वर्षीच माझ्याकडे आला, तो याच कारणाने. सगळ्यांना वाटलं, हा दिवसभर रजिस्टर लिहितो, याच्या हातात काम सुरक्षित राहील. तसं ते राहिलं नाही. आता अंबरनाथ, टिटवाळा, वसई अशा ठिकाणांहून नवी मुलं फोन करतात, आम्हालाही अशी शर्यत घ्यायची आहे, तुमचा फॉर्म पाठवा म्हणतात. फॉर्म पाठवणं सोपं आहे. त्या फॉर्मच्या मागे मी काय काय बिघडवून ठेवलं होतं, ते त्यांना कळायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्या वर्षी 90 जागाही भरल्या नव्हत्या. ठाण्यात, कल्याणात सायकल चालवणारे खूप, पण बहुतेकांना लांब पल्ल्याची रपेट आवडते. घड्याळ लावून जीव तोडून 20 किलोमीटर मारायची कल्पना फारशी कुणाच्या गळी उतरत नव्हती. मुंबई–पुणे शर्यत आणि बोरघाटात पहिल्या येणाऱ्याचा ‘घाटांचा राजा’ हा किताब यांच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली, पण आपण स्वतः किती वेगाने जातो हे मोजायची सोय साध्या माणसाला नव्हती. ती मिळाल्यावर बातमी पसरली. तिसऱ्या वर्षी दोनशेच्या वर लोकांनी नाव घालायचा प्रयत्न केला. माझी नोंदणीची पद्धत मात्र पहिल्या वर्षीचीच राहिली होती.

त्या वर्षी मी फॉर्म बुधवारी रात्री आठला उघडला. मी घरी असतो, जेवण व्हायचं असतं, म्हणून माझ्या सोयीची वेळ. जो आधी भरेल त्याची जागा. काही मिनिटांत 90 नावं पूर्ण झाली आणि मी खूश होऊन पत्रक लावलं: ‘नोंदणी बंद, भरघोस प्रतिसाद.’ दुसऱ्या दिवशी यादी नीट पाहिली तेव्हा दिसलं, की घरून काम करणारे, दुकान असलेले, कॉलेजची मुलं यांनी ती भरून गेली आहे. रात्री आठला ठाणे ते कल्याण या पट्ट्यातला निम्मा नोकरदार लोकलमध्ये उभा असतो. एका हाताने वरची कडी धरलेली, पाठीला सॅक, खिशातला फोन बाहेर काढायलाही कोपर हलत नाही. एका मुलाने मला फोन करून सांगितलं, की तो मुंब्र्याच्या पुढे दारात उभा राहून फॉर्म भरत होता, आणि जन्मतारखेच्या रकान्यापर्यंत पोचला तोवर फॉर्म बंद झाला. तक्रारीचा सूर नव्हता, फक्त सांगत होता. मी म्हणालो, “अरेरे, पुढच्या वर्षी लवकर भर.” जून 2025मध्ये मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून पडून प्रवासी गेले, त्या सकाळी मला त्याचा तो फोन आठवला. दारात उभं राहून एक हात सोडायची वेळ त्याच्यावर माझ्या पद्धतीने आणली होती.

पैशांचा घोळ वेगळाच. फी 600 रुपये. मी माझा स्वतःचा यूपीआयचा क्यूआर फॉर्ममध्ये चिकटवला आणि ‘पैसे भरून स्क्रीनशॉट जोडा’ असं लिहिलं. त्याच खात्यात माझा पगार येतो, सोसायटीच्या मेंटेनन्सची वर्गणी जाते, बायकोच्या भिशीचे पैसे फिरतात. पैसे येताना नाव यायचं ते खातेदाराचं. मुलाची फी आईच्या खात्यातून, नवऱ्याची बायकोच्या, एका ग्रुपच्या पाच जणांची एकाच्याच खात्यातून, एकरकमी 3,000. पाटील चार, त्यातले दोन प्रशांत. एकाने गेल्या वर्षीचा स्क्रीनशॉट चुकून पुन्हा जोडला. तारीख मी पाहिलीच नाही. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो वेगळ्या रकान्यात लिहून घेतला असता तर पासबुकाशी एका बैठकीत मेळ बसला असता. माझ्या स्टोअरमध्ये एक बेअरिंगसुद्धा चलनाशिवाय हलत नाही, बिन कार्डावर नोंद झाल्याशिवाय रॅकला हात लावू देत नाही मी कुणाला. इथे लोकांचे पैसे होते आणि मी स्क्रीनशॉटच्या भरवशावर बसलो होतो.

त्यातून दोन गोष्टी झाल्या. एका माणसाला मी परतावा दोनदा पाठवला. त्याने स्वतः फोन करून परत केला, म्हणून कळलं. दुसरी गोष्ट जास्त लागली. उल्हासनगरचा एक कॉलेजचा मुलगा, परीक्षेमुळे त्याने बऱ्याच आधी नाव मागे घेतलं होतं. ‘पाठवतो’ असं मी त्याला लिहिलं आणि विसरलो. त्याने पुन्हा विचारलं नाही. वयाने मोठ्या माणसाकडे पैसे कसे मागायचे, या भिडेने. मी हिशेब नीट मांडायला बसलो तेव्हा पुढचा उन्हाळा आला होता. फोन केला तर म्हणाला, “असू दे ना काका, राहू दे.” पैसे पाठवले, माफी मागितली. पण 600 रुपयांत त्याच्या सायकलचा एक टायर आला असता आणि तो टायर माझ्या खात्यात पडून होता.

शब्दावर जागा धरून ठेवायची सवयही मीच लावली. ‘दादा, माझं नाव टाका, पैसे पगार झाल्यावर देतो,’ असं ओळखीचं कुणी म्हणालं की मी टाकायचो. नाही म्हणवत नसे. अशी बिनपैशाची नावं दर वर्षी असायची, आणि त्यातली काही शर्यतीच्या आदल्या आठवड्यात गुपचूप गळायची. यादीत त्यांचं नाव असायचं, मिनिटही ठरलेलं असायचं, आणि फॉर्म बंद झाल्यामुळे बाहेर राहिलेला कुणीतरी तेवढ्यासाठी हळहळत असायचा. ओळखीच्या माणसाची भीड ठेवताना मी अनोळखी माणसाची जागा देऊन टाकत होतो. तो अनोळखी असल्यामुळे मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि म्हणून वाईटही वाटत नव्हतं.

नाव मागे घेण्याच्या बाबतीत मी स्वतःला उदार समजत होतो. शनिवार रात्रीपर्यंत कधीही सांगा, पूर्ण पैसे परत. हा नियम मी फार अभिमानाने लिहिला होता. याचा अर्थ काय होतो ते मला वर्षभराने समजलं. फुकट मागे घेता येतं म्हटल्यावर लोक जायचं पक्कं नसतानाही नाव घालून ठेवतात. त्याच रविवारी लग्न असू शकतं, ऑफिसचं काम निघू शकतं, पण जागा आपल्या नावावर असलेली बरी. मग शुक्रवारी संध्याकाळपासून निरोप यायला लागायचे. ताप आलाय. पाहुणे आलेत. गुडघा दुखतोय. शनिवारी दुपारी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. त्या नावामागचं मिनिट तर तसंच राहायचं, आणि रविवारी रेघेवर उभा राहून आम्ही ते रिकामं मिनिट घड्याळात बघायचो. स्टार्टर बोटं मोडत उभा, मागचा स्पर्धक सायकलवर बसून तयार, आणि पुढचा येणारच नाही हे सगळ्यांना माहीत. अशी मिनिटं एका वर्षी इतकी झाली, की वेटिंग लिस्टमधले बरेचसे लोक आरामात मावले असते.

वेटिंग लिस्ट होती. नावापुरती. ती वापरायची कशी, हे मी ठरवलंच नव्हतं. आमच्या भागातल्या माणसाला वेटिंग समजावून सांगावं लागत नाही. गावाला जाताना आरएसी कन्फर्म झालं का, चार्ट लागला का, हे लहान मूलही विचारतं. रेल्वेचं वेटिंग क्रमाने सरकतं, आणि चार्ट लागला की विषय संपतो. माझ्याकडे ना क्रम पक्का होता, ना चार्ट लागायची वेळ.

त्या वर्षी वेटिंगमध्ये पहिलं नाव कळव्याच्या एका नर्स ताईंचं होतं. त्या रुग्णालयात पाळीने काम करतात, पहाटे ड्यूटी नसेल तेव्हा सायकल काढतात. शनिवारी संध्याकाळी एक जागा सुटली. यादी माझ्यासमोर होती, त्यांचं नाव सगळ्यात वर होतं. मी स्वतःशीच म्हणालो, यांना रात्रपाळी असेल, इतक्या ऐनवेळी कळव्याहून बदलापूरला कशा येतील? आणि आमच्याच ग्रुपमधल्या, पलीकडच्या इमारतीत राहणाऱ्या मुलाला मेसेज टाकला. तो ऑनलाइन होता, लगेच ‘येतो’ म्हणाला. काम झालं, मी सुटलो.

सोमवारी त्यांचा फोन आला. “दादा, वेटिंगला माझं नाव पहिलं होतं ना?”

मी म्हणालो, “हो ताई, पण तुमचा फोन लागला नाही.”

तो मी लावलाच नव्हता. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “बरं.” नंतर आमच्यातल्याच एकीकडून कळलं, की नंबर लागेल या आशेवर त्यांनी रविवारची पाळी बदलून घेतली होती आणि शनिवारी रात्री उशिरापर्यंत फोन उशाशी ठेवला होता. हे कळल्यावर मला राहवलं नाही. मी फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण जे म्हणाल्या ते माझ्या मनातून जात नाही. “यायचं की नाही ते मी ठरवलं असतं, दादा. तुम्ही फक्त विचारायचं होतं.”

रात्रपाळी, अंतर, वय, घरची माणसं, ही कारणं मी दुसऱ्यांच्या वतीने किती वेळा ठरवली असतील, याचा मग मी विचार करत बसलो. यादीत बायका कमी का असतात, हा प्रश्न आमच्या बैठकीत दर वर्षी निघायचा आणि मीही मान डोलवायचो.

पण या सगळ्यात ज्या चुकीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, ती त्याच सुमारास झाली. शुक्रवारी रात्री एका स्पर्धकाने लिहिलं, ‘मला जमत नाही, माझ्याऐवजी माझा मित्र येईल, त्याच नंबरवर.’ मी काम आटोपायच्या घाईत होतो. वेटिंगला कोण आहे, फॉर्म कुणी भरला आहे, काहीच पाहिलं नाही. ‘चालेल,’ असं लिहून मोकळा झालो. एक रिकामं मिनिट वाचलं, हेच समाधान.

बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या, मागच्या बाजूला आम्ही स्पर्धकाचं नाव, रक्तगट आणि घरचा फोन नंबर छापतो. रविवारी परतीच्या वाटेवर, एका मोरीजवळच्या वळणावर खडी पसरली होती. तो मित्र तिथे घसरला. स्वयंसेवकाने नंबर सांगितला, मी शीट उघडली आणि घरचा म्हणून दिलेला नंबर लावला. एका बाईंनी उचलला. मी शक्य तेवढ्या शांतपणे सांगितलं, की तुमचे मिस्टर सायकलवरून पडलेत, शुद्धीवर आहेत, अँब्युलन्समध्ये घेतोय. त्या किंचाळल्या. मग लगेच मागे वळून कुणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं, आणि पुन्हा फोनवर: “अहो, हे तर घरीच आहेत.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पडलेला माणूस भांबावलेला होता, आपलं नाव धड सांगत नव्हता, फोनला लॉक होतं, आणि त्याच्या छातीवर दुसऱ्याच माणसाचा रक्तगट छापलेला होता. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. कॉलरबोन मोडलं होतं. ज्याचा बिब होता त्याच्याकडून मित्राच्या घरचा नंबर मिळवून त्याच्या आईवडिलांना कळवेपर्यंत बराच वेळ गेला, आणि त्या वेळात रक्त द्यायची वेळ आली असती तर काय, हा विचार अजूनही रात्री येतो. रुग्णालयात गटाची तपासणी करूनच रक्त देतात हे मला माहीत आहे, तरी येतो. स्पर्धेचा अपघात विमा आम्ही यादी देऊन काढतो. त्या यादीत तो नव्हता. खर्च त्याच्या घरावर पडला. शिल्लक रकमेतून काही भाग आम्ही दिला, सगळ्यांना सांगून, सगळ्यांच्या संमतीने. तो पुरेसा नव्हता.

मोठ्या शर्यती बिब दुसऱ्याला द्यायला मनाई करतात. मुंबई मॅरेथॉनचा हा नियम मला फार आधीपासून माहीत होता. मला तो उगीच कडक वाटायचा, बड्या आयोजकांचा पैसे न सोडण्याचा मार्ग वाटायचा. त्या मोरीजवळ उभं राहिल्यावर तो नियम कशासाठी आहे हे कळलं. नाव बदलायचं तर बदला, पण आधी माणूस नोंदवा, मग नंबर द्या.

त्यानंतर मी पुस्तकं आणि दुसऱ्यांचे नियम वाचायला लागलो. टाइम ट्रायलचा खेळ इंग्लंडात 1895पासून रुजला. रस्त्यावरच्या शर्यतींना तिथल्या सायकल संघटनेनेच बंदी घातल्यावर फ्रेडरिक टॉमस बिडलेक यांनी एकेकट्याने सुटायची ही पद्धत आणली. पहाटे, गाजावाजा न करता, अंगभर काळे कपडे घालून, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर यायला नको. इतका लपूनछपून चाललेला खेळ, पण त्यात कागद पक्का होता: नोंदणी शर्यतीच्या खूप आधी बंद, मग सेक्रेटरी कुणी कोणत्या मिनिटाला सुटायचं त्याची यादी काढून सगळ्यांना देणार. अर्ज जास्त आले तर आधीच्या वेळा पाहून निवड. हे शेवटचं आम्हाला पटलं नाही, कारण हौशी माणसाला पहिली संधीच त्यात मिळत नाही. लंडन मॅरेथॉन सोडत काढते; 2026च्या शर्यतीसाठी 11 लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हाडाच्या घरांमुळे सोडत आपल्याकडे कुणाला नवीन नाही. आम्ही ती घेतली.

आता फॉर्म तीन दिवस उघडा असतो. रात्रपाळीवाला दुपारी भरतो, लोकलमधला घरी जाऊन जेवून भरतो. मग एका रविवारी, ज्यांना यायचं त्यांच्यासमोर, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढतो. पहिल्या 90 नावांना पैसे भरायला ठरावीक मुदत. पैसे नाहीत तर नाव नाही, मग तो माझा भाऊ असला तरी. उरलेल्या चिठ्ठ्याही त्याच बैठकीत काढून वेटिंगचा क्रम लावतो आणि ती यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवतो. जागा सुटली की क्रमाने फोन, आणि प्रत्येक फोनची वेळ शीटमध्ये, उचलला नाही तरी. आयोजकांच्या घरच्यांसाठी एकही जागा राखलेली नाही. यावर आमच्यात भांडण झालं. रस्त्यावर झेंडा घेऊन उभं राहणाऱ्या स्वयंसेवकाच्या मुलाला तरी जागा द्यावी, हे म्हणणं चूक नव्हतं. शेवटी स्वयंसेवकांसाठी आठवडाभर आधी त्याच रस्त्यावर वेगळी चाचणी घ्यायचं ठरलं, आणि ती आम्ही घेतो.

पैसे आता ग्रुपच्या संस्थेच्या खात्यात, पेमेंट गेटवेतून येतात. गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो. बरेच जण म्हणतात, यूपीआयवर फुकट होत असताना हा भुर्दंड कशाला. प्रत्येक फीला नाव चिकटलेलं येतं आणि पैसे ज्या खात्यातून आले तिथेच परतावा जातो, हे मला त्या पैशापेक्षा मोलाचं वाटतं. परताव्याचा नियम असा: शर्यतीच्या 15 दिवस आधीपर्यंत गेटवेचा खर्च वजा जाता सगळे पैसे परत. त्यानंतर नाव मागे घेतलं आणि वेटिंगमधल्या कुणी ती जागा घेतली तरच परत. शर्यतीच्या आधीच्या बुधवारी रात्री यादी बंद होते, बिब छापायला जातात, विम्याची यादी जाते. त्यानंतर पैसे नाहीत आणि अदलाबदलही नाही. शर्यतीनंतर जमाखर्च सगळ्यांना पाठवतो, अँब्युलन्सच्या भाड्यापासून पोह्यांपर्यंत.

नियम लागल्यावर पहिल्याच वर्षी एका गृहस्थांचे वडील गुरुवारी गेले. नियमाने त्यांचे पैसे परत जात नव्हते. आमच्यातल्या काहींनी म्हटलं, एकदा अपवाद केला की उद्या प्रत्येक जण कारण घेऊन येईल. मी पैसे परत पाठवले, पण संस्थेच्या खात्यातून नाही, आम्ही चौघांनी वर्गणी काढून, आणि तशी नोंद केली. हे बरोबर केलं की नाही याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. मला वाटतं, अपवाद करायचा तर तो उघड करावा आणि त्याचा भार करणाऱ्याने उचलावा. दुसऱ्याच्या जागेवर तो टाकू नये.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बुधवारी यादी बंद केली तरी रविवारी सात-आठ मिनिटं रिकामी जातातच, कारण ताप बुधवार बघून येत नाही. म्हणून गेल्या वर्षी वेटिंगमधल्या पहिल्या दहांना ‘राखीव’ म्हणून बोलावलं. त्यांची नावं विम्याच्या यादीत घातली, त्यांच्या माहितीसकट वेगळ्या रंगाचे बिब छापले, आणि कुणी आलं नाही की त्यांच्यातला पुढचा रेघेवर. यातून सहा जणांना जागा मिळाली. बाकीचे चार जण पहाटे अंधारात घरून निघाले, कुणी काटईवरून चालवत, कुणी टेम्पोत टाकून आले, आणि आठ वाजेपर्यंत हेल्मेट घालून उभे राहून परत गेले. त्यातल्या टिटवाळ्याच्या एका काकांनी जाताना विचारलं, की आठनंतर, बाकीचे परत येत असताना, आम्हा चौघांना वेळ न लावता तरी सोडता येईल का? परवानगी 90 जणांची आहे, म्हणून मी नाही म्हणालो. यंदाचा अर्ज मी 94 जणांचा केला आहे, आठ वाजून चार मिनिटांपर्यंतचा, आणि दोन्ही पोलीस ठाण्यांत दिला आहे. उत्तर आलेलं नाही.